एकट्याचा सल्ला : स्वतंत्र विपणन सल्लागाराचा व्यवसाय

कारखान्यात तयार झालेला माल गोदामात साचून राहू लागला, म्हणजे कारखानदारापुढे उभा राहणारा पहिला प्रश्न ‘काय करावे’ हा नसून ‘कोणाला विचारावे’ हा असतो. फिरत्या विक्रेत्यांना विचारले तर ते किंमत कमी करावयास सांगतात. वितरक अधिक सूट मागतात. कारखान्यातील अभियंते माल उत्तमच असल्याची ग्वाही देतात. आणि जाहिरात संस्था जाहिरात वाढविण्याची शिफारस करते. यांपैकी कोणीही खोटे बोलत असतो असे नव्हे. प्रत्येकजण आपापल्या जागेवरून जे दिसते तेच सांगत असतो, आणि ती जागा त्याच्या उपजीविकेने ठरविलेली असते. या सर्वांहून निराळ्या जागी उभे राहून पाहणे, हे विपणन सल्लागाराचे काम होय.

विपणन म्हणजे केवळ विक्री नव्हे आणि केवळ जाहिरातही नव्हे. कोणती वस्तू बनवावी, ती कोणासाठी बनवावी, तिची किंमत काय असावी, ती कोणत्या दुकानांतून आणि कोणत्या मार्गाने गिऱ्हाइकापर्यंत पोहोचावी, आणि तिच्याविषयी काय व कसे सांगावे, या सर्व निर्णयांचा त्यात समावेश होतो. असे निर्णय घेण्यास साहाय्य करणाऱ्या मोठ्या संस्था भारतात अनेक आहेत. परंतु कोणतीही संस्था न उभारता, कर्मचारीवर्ग न बाळगता, केवळ स्वतःच्या अनुभवावर आणि निर्णयशक्तीवर हा व्यवसाय करणारेही आहेत. वकिलाकडे येणाऱ्या पक्षकारास ज्याप्रमाणे अशील म्हणतात, त्याप्रमाणे सल्लागाराकडे येणाऱ्या उद्योजकास या प्रकरणात अशील असेच म्हटले आहे. एकट्या सल्लागाराकडून अशिलाला असे काय मिळते, जे संस्थेकडून सहसा मिळत नाही? आणि ते देत राहण्यासाठी सल्लागाराला कोणती किंमत मोजावी लागते? या दोन प्रश्नांचा विचार येथे करावयाचा आहे.

दलालीतून जन्मलेली संस्था

जाहिरात संस्थेचे स्वरूप समजून घेण्यासाठी तिच्या उगमाकडे वळावे लागते. अमेरिकेत १८४० च्या दशकात फिलाडेल्फिया शहरात व्होल्नी पामर नावाच्या गृहस्थाने वृत्तपत्रांतील जागा व्यापाऱ्यांना विकून देण्याचा व्यवसाय सुरू केला. तो मुळात वृत्तपत्रांचा अडत्या होता. जाहिरात लिहून देणे हे त्याचे काम नव्हते आणि त्याला पैसे मिळत ते वृत्तपत्रांकडून, दलालीच्या रूपाने. पुढे व्यापाऱ्यांना आकर्षित करण्यासाठी अशा अडत्यांनी मजकूर लिहून देणे, चित्रे काढून देणे, बाजाराची पाहणी करणे अशा सेवा एकामागून एक जोडल्या. अडत्याची संस्था झाली, ती व्यापाऱ्याच्या बाजूने काम करू लागली. परंतु तिचे उत्पन्न मात्र पूर्वीप्रमाणे दलालीतूनच येत राहिले.

भारतातही हीच पद्धत रुजली. मुंबईत गिरगाव येथे १९०५ साली स्थापन झालेली बी. दत्ताराम आणि कंपनी ही देशातील आरंभीच्या भारतीय जाहिरात संस्थांपैकी एक मानली जाते. जनरल मोटर्स या मोटार कंपनीचे काम पाहण्यासाठी अमेरिकेतील जे. वॉल्टर थॉम्प्सन या संस्थेने १९२९ मध्ये मुंबईस आपले कार्यालय उघडले. १९३९ मध्ये वृत्तपत्रांच्या मालकांची संघटना स्थापन झाली आणि १९४५ मध्ये जाहिरात संस्थांनीही आपली संघटना उभारली. वृत्तपत्रांच्या संघटनेची मान्यता असलेल्या संस्थेला जाहिरातीच्या रकमेवर १५ टक्के दलाली आणि ठरावीक मुदतीची उधारी मिळावी, असा प्रघात पडला. अशिलाने एक लाख रुपयांची जागा घेतली, तर त्यातील पंधरा हजार रुपये संस्थेकडे राहत. मजकूर, चित्रे, सल्ला आणि पाहणी हे सर्व बहुतांशी त्या पंधरा हजारांतच येई.

या व्यवस्थेचा एक परिणाम लक्षात घेण्यासारखा आहे. दलालीच्या पद्धतीत सल्ला हा वरवर पाहता फुकट मिळत असे, आणि जी वस्तू फुकट मिळते तिची स्वतंत्र किंमत ठरत नाही. दुसरे असे की, ‘या वर्षी जाहिरात करू नका’ हा सल्ला कितीही योग्य असला, तरी तो देणाऱ्या संस्थेचे उत्पन्न त्या सल्ल्यानेच बुडत असे. गेल्या काही दशकांत या चित्रात बदल झाला आहे. माध्यमांतील जागा खरेदी करणाऱ्या संस्था वेगळ्या झाल्या, अनेक अशील ठरीव मोबदला देऊ लागले आणि दलालीचा जुना दर सर्वत्र पाळला जात नाही. तरीही मोठ्या संस्थेवर वेतन, भाडे आणि भागधारक यांचा भार असतोच, आणि तो भार हातात असलेली माणसे व यंत्रणा कामाला लावूनच पेलावा लागतो. ज्या संस्थेत तीस चित्रकार नोकरीस आहेत, तिला प्रत्येक प्रश्नाचे उत्तर चित्रात दिसू लागले तर त्यात नवल नाही.

एक काल्पनिक उदाहरण

हा भेद एका काल्पनिक उदाहरणाने अधिक स्पष्ट होईल. तमिळनाडूतील कोइमतूर हे शहर इडली-डोशाचे भिजविलेले तांदूळ व उडीद वाटणाऱ्या विजेच्या यंत्रांसाठी प्रसिद्ध आहे. तेथील वेट ग्राइंडरला भौगोलिक निर्देशांकही लाभला आहे. समजा, तेथील एका मध्यम कारखानदाराची विक्री दोन वर्षे सतत घटत आहे. गिऱ्हाइकांना आपल्या यंत्राचे विस्मरण होत आहे, अशी त्याची समजूत झाली असून जाहिरातीवर तीस लाख रुपये खर्च करण्याची त्याची तयारी आहे. जुन्या दराने दलाली घेणाऱ्या संस्थेला यातून साडेचार लाख रुपये मिळतील. ती मनापासून काम करील, चांगली जाहिरातही तयार करील; परंतु मुळात जाहिरात हवी की नको, हा प्रश्न तिच्याकडून विचारला जाण्याचा संभव थोडा.

आता हाच कारखानदार एकट्या सल्लागाराकडे गेला असे समजू. सल्लागार प्रथम कारखान्याच्या वह्या मागून घेईल आणि विक्रीचे आकडे जिल्हावार मांडील. विक्री सर्वत्र सारखी घटलेली नाही, हे त्याला दिसेल. मग ज्या गावी घट सर्वांत मोठी आहे, तेथील दुकानांत तो सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसून राहील. गिऱ्हाईक दुकानात शिरताना कोणत्या यंत्राचे नाव घेते आणि बाहेर पडताना कोणते घेऊन जाते, याची तो नोंद ठेवील. दुरुस्ती करणाऱ्या कारागिरांना भेटेल. अशा बारा दिवसांनंतर कदाचित असे आढळेल की, गिऱ्हाइके या कारखान्याचेच नाव घेऊन येतात. पण यंत्राचा पट्टा तुटला तर नवा मिळण्यास तीन आठवडे लागतात, तोपर्यंत तक्रार दुकानदाराला ऐकावी लागते, आणि म्हणून दुकानदारच त्यांचे मन दुसऱ्या यंत्राकडे वळवितो. येथे आजार जाहिरातीचा नसून सुट्या भागांच्या पुरवठ्याचा आहे. निवडक चाळीस दुकानांत पट्टे व इतर भाग ठेवावेत, कारागिरांना दोन दिवसांचे शिक्षण द्यावे, हमीपत्र तमिळ व कन्नड भाषांत छापावे आणि जाहिरात एक वर्ष पुढे ढकलावी, असा सल्ला तो देईल. पाहणीचे बारा आणि अहवाल लिहिण्याचे सहा असे अठरा दिवस धरून, दिवसाला दहा हजार रुपयांप्रमाणे, त्याचा मोबदला एक लाख ऐंशी हजार रुपये होईल.

या उदाहरणातील सल्लागार संस्थेतील माणसांपेक्षा अधिक हुशार आहे असे नव्हे. कदाचित तो पूर्वी अशाच संस्थेत नोकरीस असेल. फरक इतकाच की, जाहिरात झाली काय किंवा न झाली काय, त्याच्या मोबदल्यात एका रुपयाचाही फरक पडत नाही. एकट्या सल्लागाराजवळ विकण्यासारखी खरी वस्तू कोणती असेल, तर ती ही तटस्थता होय. दुसरा लाभ असा की, ज्या अनुभवी माणसाशी अशिलाने पहिल्या भेटीत बोलणे केले, तोच माणूस दुकानात जाऊन बसतो आणि तोच अहवाल लिहितो. मोठ्या संस्थेत बोलणी करण्यास ज्येष्ठ व्यक्ती येतात आणि प्रत्यक्ष काम पुष्कळदा कनिष्ठांवर सोपविले जाते, अशी तक्रार अशिलांकडून नेहमी ऐकू येते.

एकट्याच्या मर्यादा

तथापि एकट्याने करावयाच्या कामास मर्यादा आहेत आणि त्या स्पष्टपणे मान्य केल्या पाहिजेत. देशभर हजारो कुटुंबांच्या मुलाखती घेणे एका माणसाला शक्य नाही. १९७० साली झालेली राष्ट्रीय वाचक पाहणी किंवा १९९५ पासूनची भारतीय वाचक पाहणी यांसारखी कामे संघटित यंत्रणेनेच व्हावयाची. अनेक भाषांत एकाच वेळी जाहिरातमोहीम चालविणे, दूरचित्रवाणीवरील वेळ घाऊक भावाने खरेदी करणे, चित्रपट तयार करणे यांसाठीही संस्थाच हवी. शिवाय एकटा माणूस आजारी पडला तर काम थांबते.

अनुभवी सल्लागार या मर्यादांवर दोन उपाय करतात. पहिला उपाय म्हणजे उपलब्ध सार्वजनिक माहितीचा कसून उपयोग करणे. २०११ पर्यंतच्या जनगणनांचे आणि राष्ट्रीय नमुना पाहणीचे अहवाल हे या व्यवसायातील मोठे धन आहे. उदाहरणार्थ, कुटुंबांच्या उपभोग-खर्चाच्या २०२२-२३ च्या पाहणीनुसार दरडोई मासिक खर्च ग्रामीण भागात सरासरी ३,७७३ रुपये आणि शहरी भागात ६,४५९ रुपये होता. ग्रामीण भागातील खर्चात अन्नाचा वाटा ४६ टक्क्यांच्या आसपास होता, म्हणजे निम्म्याहून अधिक खर्च अन्नेतर गोष्टींवर होत होता. ‘खेड्यात आमचा माल घेण्याची ऐपत नाही’ असे म्हणणाऱ्या अशिलापुढे हे आकडे ठेवले, म्हणजे चर्चा ऐकीव समजुतींवरून वस्तुस्थितीवर येते. दुसरा उपाय म्हणजे विश्वासू व्यावसायिकांचा परिचय राखणे. चित्रकार, लेखक, पाहणी करणारे, संगणकावरील जाहिरातींचे जाणकार यांची नावे सल्लागार अशिलाला सुचवितो; परंतु त्यांचे देयक अशील परस्पर देतो. सल्लागाराने त्यांच्याकडून वाटा घेतला, तर जी तटस्थता तो विकतो तीच हातची जाते आणि तो पुन्हा फिलाडेल्फियाच्या त्या अडत्याच्या जागी येऊन उभा राहतो.

एकट्या माणसाचा प्रभाव किती दूरवर पोहोचू शकतो, याचे प्रसिद्ध उदाहरण पीटर ड्रकर (१९०९–२००५) यांचे आहे. जनरल मोटर्सने १९४३ मध्ये त्यांना आपल्या कारभाराचा अभ्यास करण्यास पाचारण केले. त्यावर आधारलेले त्यांचे पुस्तक १९४६ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा कंपनीच्या वरिष्ठ वर्तुळात त्याचे स्वागत झाले नाही. ड्रकर यांनी पुढे अनेक दशके मोठमोठ्या कंपन्यांना सल्ला दिला, पण स्वतःची मोठी सल्लागार संस्था उभारली नाही. भारतात रमा बिजापूरकर यांनी बाजारपेठेचे संशोधन आणि व्यवस्थापन सल्ला या क्षेत्रांत मोठ्या संस्थांमधून काम केल्यानंतर स्वतंत्र सल्लागार म्हणून स्थान मिळविले आणि भारतीय गिऱ्हाइकाच्या स्वभावावर २००७ मध्ये इंग्रजीत पुस्तक लिहिले. या दोन्ही उदाहरणांत एक गोष्ट समान आहे. स्वातंत्र्य हे कारकिर्दीच्या आरंभी मिळालेले नाही. आधी दुसऱ्याच्या छत्राखाली पाहणे, वाचणे आणि शिकणे झालेले आहे.

दिवसांचे गणित

नोकरी सोडून हा मार्ग धरणाऱ्यांच्या हातून पहिली चूक होते ती मोबदला ठरविताना. समजा, एखाद्यास नोकरीत दरमहा पंचाहत्तर हजार रुपये, म्हणजे वर्षाला नऊ लाख रुपये मिळत होते. हे उत्पन्न ३६५ दिवसांत वाटले तर दिवसाला सुमारे अडीच हजार रुपये पडतात. ‘दिवसाला तीन हजार घेतले तर पूर्वीपेक्षा अधिकच मिळतील’ असा हिशेब तो करतो आणि दोन वर्षांत पुन्हा नोकरीच्या शोधास लागतो.

खरा हिशेब वेगळा आहे. ३६५ दिवसांतून ५२ रविवार वजा केले की ३१३ दिवस उरतात. सण व सुट्ट्या यांचे पंचवीस आणि आजारपण व घरगुती अडचणी यांचे पंधरा दिवस वजा केले की २७३ उरतात. या दिवसांपैकी निम्मे नवीन अशील शोधणे, भेटीगाठी, प्रस्ताव लिहिणे, प्रवास, हिशेब, वसुली आणि वाचन यांत जातात, आणि त्यांचे पैसे कोणीही देत नाही. म्हणजे मोबदला मिळू शकेल असे दिवस १३५ च्या आसपास राहतात. तीन हजारांच्या दराने या दिवसांचे उत्पन्न चार लाख पाच हजार होते, नऊ लाख नव्हे. आता घरखर्चासाठी नऊ लाख, व्यवसायाची जागा, संगणक, दूरध्वनी, प्रवास व हिशेबनीस यांसाठी दोन लाख, आणि आरोग्यविमा व वार्धक्यासाठीची बचत यांसाठी अडीच लाख धरले, तर गरज साडेतेरा लाखांची ठरते. १३५ दिवसांनी भागले असता दर दिवसाला दहा हजार रुपये येतो. वरील उदाहरणात घेतलेला दर हा असा निघाला आहे. त्यात चैनीचा भाग नाही. नोकरीत जो भार मालक न बोलता उचलीत होता, तो आता उघडपणे दिसू लागला आहे, एवढेच.

मोबदला आकारण्याच्या पद्धती मुख्यतः चार आहेत, आणि प्रत्येकीत काही गुण व काही धोका आहे. दिवसाच्या दराने पैसे घेणे सरळ असते. पण जो जलद काम करतो त्याचे त्यात नुकसान होते आणि अशिलाला प्रत्येक भेटीचे ओझे वाटते. संपूर्ण कामाची एकरकमी किंमत ठरविली, तर अशील निश्चिंत होतो. परंतु काम कोठे संपते हे लेखी ठरलेले नसेल तर ते कधीच संपत नाही. दरमहा ठरीव रक्कम घेतल्याने सल्लागारास स्थैर्य लाभते. मात्र हळूहळू तो अशिलाच्या कार्यालयातील एक बिनखुर्चीचा नोकर बनण्याचा धोका असतो. वाढलेल्या विक्रीतील वाटा मागणे अनेकांना आकर्षक वाटते. पण त्या पद्धतीत सल्लागाराचे डोळे या वर्षाच्या विक्रीवर खिळतात, आणि ‘यंदा विक्री वाढवू नका, आधी माल सुधारा’ हे वाक्य त्याच्या तोंडून निघणे कठीण होते.

करार, कर आणि थकबाकी

मोठ्या संस्थेत वकील, हिशेबनीस आणि वसुली करणारे वेगवेगळे असतात. एकट्याला हे सर्व स्वतः व्हावे लागते. म्हणून काही कायदेशीर गोष्टींचे ज्ञान त्याला असणे अगत्याचे आहे.

पहिली गोष्ट कराराची. काम कोणते, किती दिवसांत, कोणत्या हप्त्यांनी पैसे, आणि काम मध्येच थांबल्यास काय, हे एका पानावर का होईना, पण लिहिलेले असावे. एकूण रकमेचा काही भाग आगाऊ घेण्यात संकोच बाळगू नये. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार नोकराने नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या मजकुराचा हक्क, उलट करार नसेल तर, मालकाकडे जातो. परंतु स्वतंत्र व्यक्तीने लिहिलेल्या मजकुराचा पहिला हक्क सामान्यतः तिचा स्वतःचाच असतो. तो दुसऱ्यास देण्यासाठी लेखी दस्तऐवज लागतो, आणि त्यात मुदत नमूद केलेली नसेल तर ती पाच वर्षांची मानली जाते. अहवाल आणि घोषवाक्ये यांचा हक्क कोणाकडे राहील हे आरंभीच ठरविले, म्हणजे पुढचे वाद टळतात.

दुसरी गोष्ट जुन्या मालकाशी असलेल्या संबंधाची. ‘नोकरी सोडल्यावर या क्षेत्रात काम करणार नाही’ असे कलम नेमणूकपत्रात पुष्कळदा असते. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या २७ व्या कलमाने व्यवसायावर निर्बंध घालणारे करार निरर्थक ठरविले आहेत आणि न्यायालये नोकरीनंतरच्या अशा बंदीला सहसा मान्यता देत नाहीत. परंतु जुन्या मालकाची गुपिते आणि गिऱ्हाइकांच्या याद्या सोबत नेण्याचा परवाना यातून मिळत नाही.

तिसरी गोष्ट करांची. बहुतेक राज्यांत सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल वीस लाख रुपयांपलीकडे गेली, की वस्तू व सेवा कराची नोंदणी आवश्यक होते. सल्ल्यावरील कराचा दर १८ टक्के आहे. अशी नोंदणी असलेल्या सल्लागाराने एक लाख रुपयांच्या कामाचे देयक पाठविले, तर त्यावर अठरा हजार रुपये कर लागतो. अशील कंपनी मूळ रकमेवर सामान्यतः दहा टक्के प्राप्तिकर कापून घेते आणि एक लाख आठ हजार रुपये देते. त्यातील अठरा हजार सरकारचे असतात. सल्लागाराच्या हाती नव्वद हजार राहतात. कापलेले दहा हजार वर्षाअखेरीस करात वळते होतात. अडचण निराळीच आहे. अशिलाने पैसे थकविले, तरी त्या देयकावरील अठरा हजारांचा भरणा सामान्यतः वेळेवर करावाच लागतो. म्हणजे न मिळालेल्या पैशांवरचा कर स्वतःच्या बचतीतून भरण्याची पाळी येते.

थकबाकी हा एकट्या व्यावसायिकाचा सर्वांत मोठा शत्रू होय. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याने या बाबतीत बरेच संरक्षण दिले आहे. या कायद्याखाली नोंदलेल्या सूक्ष्म वा लघु उद्योगाचे देयक, लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत, आणि करार नसल्यास १५ दिवसांच्या आत चुकते झाले पाहिजे. विलंब झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने, व्याज द्यावे लागते. सेवा देणारा एकटा सल्लागारही अशी नोंदणी करू शकतो. जुलै २०२० पासून ही नोंदणी ‘उद्यम’ या नावाने होते.

कायदा असा असूनही तो वापरणे सोपे नसते. ज्याचे निम्मे उत्पन्न एकाच अशिलाकडून येते, तो त्या अशिलावर तक्रार गुदरील हे संभवत नाही. तो थांबतो, पुन्हा आठवण करतो, पुन्हा थांबतो.

स्वातंत्र्य कशावर टिकते

येथे या व्यवसायाचा खरा पेच समोर येतो. नोकरी सोडली म्हणजे मनुष्य स्वतंत्र झाला, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु एका मालकाच्या ऐवजी एकच अशील आला, तर परावलंबन संपत नाही. उलट नोकराला असलेली रजा, भविष्यनिर्वाह निधी आणि नोटिशीची मुदत ही संरक्षणे तेवढी नाहीशी होतात. असा सल्लागार हळूहळू अशिलाला आवडेल तेच सांगू लागतो. कोइमतूरच्या त्या कारखानदाराने ‘जाहिरातच करावयाची आहे’ असा हट्ट धरला, तर तोही मान डोलावतो. मग त्याच्यात आणि संस्थेत फरक उरतो तो एवढाच की, संस्थेजवळ निदान चांगले चित्रकार तरी असतात.

म्हणून जाणते सल्लागार काही नियम कटाक्षाने पाळतात. एका अशिलाकडून येणारे उत्पन्न एकूण उत्पन्नाच्या एकतृतीयांशाहून अधिक होऊ न देणे, हा त्यांतील पहिला. सहा महिन्यांचा घरखर्च व व्यवसायखर्च भागेल एवढी रक्कम बाजूला असल्यावाचून नोकरी न सोडणे, आणि सोडल्यावर ती रक्कम सहसा न मोडणे, हा दुसरा. काम हाती भरपूर असतानाही आठवड्यातील एक दिवस नव्या अशिलांसाठी राखून ठेवणे, हा तिसरा. कारण काम संपल्यावर काम शोधणाऱ्याला मिळेल त्या अटी मान्य कराव्या लागतात. एकाच वेळी दोन प्रतिस्पर्ध्यांचे काम न घेणे, आणि एकाची माहिती दुसऱ्याजवळ न बोलणे, हा चौथा. छापखाना, चित्रकार किंवा माध्यमे यांच्याकडून कोणत्याही स्वरूपात दलाली न स्वीकारणे, हा पाचवा.

हे नियम नीतीचे आहेत तसेच व्यवहाराचेही आहेत. बाजूला ठेवलेली सहा महिन्यांची रक्कम ही केवळ आजारपणासाठी नसते. तिच्या बळावरच सल्लागार अप्रिय सल्ला देऊ शकतो, अयोग्य काम नाकारू शकतो आणि थकलेले पैसे ताठ मानेने मागू शकतो.

आणखी एक उणीव सांगितली पाहिजे. संस्थेत माणसाचे विचार सहकाऱ्यांच्या टीकेवर घासले जातात. एकट्याच्या विचारांना ही सहाण मिळत नाही. दहा वर्षांपूर्वीच्या अनुभवावर आज सल्ला देत राहण्याचा धोका त्याला सर्वांत अधिक असतो. गिऱ्हाइके आता भ्रमणध्वनीवरून खरेदी करतात, लहान गावांतही माल टपालाने पोहोचतो, आणि जाहिरात वाचणाऱ्यापेक्षा शेजाऱ्याने लिहिलेले मत वाचणारे पुष्कळ आहेत. हे बदल कार्यालयात बसून कळत नाहीत. समव्यावसायिकांशी नियमित चर्चा, दुकानांत घालविलेला वेळ, आणि दिलेल्या सल्ल्याचे पुढे काय झाले याची वर्षभराने स्वतः जाऊन केलेली चौकशी, हे यावरील उपाय होत. आपला कोणता सल्ला चुकला याची नोंद जो ठेवतो, त्याचा पुढचा सल्ला अधिक भरवशाचा असतो.

अशिलाच्या दृष्टीनेही निवड ‘संस्था की एकटा माणूस’ अशी सरधोपट करता येत नाही. काय करावयाचे हे ठरलेले असून ते मोठ्या प्रमाणावर पार पाडावयाचे असेल, तर संस्थेकडे जाणे योग्य. मुळात काय करावे हेच ठरत नसेल, तर आधी अशा माणसाकडे जावे, ज्याला उत्तर कोणतेही आले तरी चालते. बोलणी करताना कारखानदाराने त्याला एक प्रश्न अवश्य विचारावा : आपण आतापर्यंत कोणाला खर्च करू नका असे सांगितले आहे काय? या प्रश्नाला ज्याच्याजवळ उदाहरणासह उत्तर आहे, त्याचा दिवसाचा दर थोडा अधिक असला, तरी तो महाग पडत नाही.